सरकारी कामावरची गांधीलमाशी

रस्ता बंद! पालखी नाही, मोर्चा नाही, मंत्र्यांची गाडीसुद्धा नाही. मग? खेकडे चाललेत! लालभडक, कोट्यवधी खेकडे.

हे ख्रिसमस बेट. जावाच्या दक्षिणेला सुमारे 350 किलोमीटरवर, हिंदी महासागरात. पण ऑस्ट्रेलियाच्या मालकीचं. पहिला पाऊस झाला की रानातले खेकडे समुद्राकडे निघतात. अंडी कधी सोडायची हे ते चंद्रावरून ठरवतात. कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या आसपास, पहाटेच्या अंधारात, भरती ओसरताना. एकेक मादी लाखभर अंडी सोडते! त्यांच्यासाठी सरकारनं रस्त्यावरून पूल आणि रस्त्याखालून बोगदे केलेत.

अशा टणक कवचाच्या खेकड्यांच्या जिवावर कोण उठलं असेल? चक्क मुंगी. पिवळी वेडी मुंगी. डिवचली की सैरावैरा धावते, म्हणून वेडी. ती साधारण शंभर वर्षांपूर्वी माणसांबरोबर बेटावर आली आणि बरीच वर्षं गुपचूप राहिली. 1989 मध्ये लक्षात आलं, की रानात तिच्या अफाट वसाहती झाल्यात. ही मुंगी चावत नाही, आम्ल फवारते. ते डोळ्यांत गेलं की खेकडा आंधळा होतो आणि मरतो. असे कोट्यवधी मेले. रानातला पालापाचोळा आणि कोवळी रोपं खाणारेच गेल्यावर तिथं झाडोरा माजला.

सरकारनं 2002 मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं. मुंग्या घटल्या, पण पुन्हा वाढल्या. शिवाय विष काय, समोर येईल त्याला मारतं. बेटावरचे नारळी खेकडे तर महाखादाड! ते आमिषाकडे वळू नयेत म्हणून त्यांचा खाऊ दुसरीकडे मांडून ठेवावा लागे.

मग शास्त्रज्ञांनी वेगळाच प्रश्न विचारला. इतक्या मुंग्यांचं पोट भरतं कशावर? उत्तर झाडांवर होतं. तिथं एक कीटक फांद्यांना चिकटून रस शोषतो आणि गोड द्रव टाकतो. मुंग्या तो चाटतात. (लाखेच्या बांगड्या पाहिल्यात ना? लाख बनवणाऱ्या किड्याच्याच कुळातला हा.) हा कीटकही बाहेरूनच आलेला. मलेशियात त्याची एक वैरीण सापडली: मोहरीच्या दाण्याएवढी गांधीलमाशी. ती या किड्यात अंडं घालते, आणि अळी त्याला आतून खाऊन टाकते. माणसाला मात्र ती डंख करत नाही.

झालं, आणा ती माशी! असं करायचं नसतं बरं. 1935 मध्ये उसावरचे भुंगेरे खायला ऑस्ट्रेलियात हवाईहून भेक आणले. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर, भेक जमिनीवर! वर ते विषारी. त्यांना खाऊन तिथले देशी प्राणी अजूनही मरतात. मला तर हा निव्वळ उतावळेपणा वाटतो.

म्हणून या वेळी माशीची परीक्षा झाली, तीही मलेशियातच. त्या किड्याचे नातेवाईक तिच्यापुढे ठेवून पाहिलं, की ती आणखी कोणाकोणावर हल्ला करते. परवानगी त्यानंतरच मिळाली, आणि डिसेंबर 2016 मध्ये माशा रानात सोडल्या.

आता त्या तिथं स्थिरावल्या आहेत आणि लाल खेकड्यांचा अंदाज दहा कोटींच्या पुढे गेलाय. मुंग्या पुरत्या संपलेल्या नाहीत, म्हणून दर दोन वर्षांनी माणसं अख्खं रान पिंजून खेकड्यांची बिळं आणि मुंग्या मोजतात.