मोंढ्यातला भाव, दिल्लीतलं निवेदन

लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानावर मी वह्या लिहितो. सोयाबीनचा भाव सौद्यात पुकारतात, पण तो किती पुकारायचा हे पुष्कळदा दिल्लीत ठरून आलेलं असतं.

२०२१ चा ऑगस्ट आठवा. क्विंटलचा भाव दहा हजारांपर्यंत पोचला होता. कोंबड्यांचं खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांच्या संघटनांनी केंद्राकडे लावून धरलं, की सोयापेंड बाहेरून आणू द्या. ऑगस्टच्या अखेरीस जीएम सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीला परवानगी मिळाली, आणि नवा माल यायच्या तोंडावर भाव कोसळला. गाळपवाल्यांची इंदूरची संघटना ‘सोपा’ आयातीच्या विरोधात होती, कारण पेंड तेच विकतात. भांडण दोन उद्योगांचं होतं. शेतकरी त्यातल्या एकाच्या बाजूला आपसूक सापडला.

दर वेळी तसं होत नाही. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्याच आठवड्यात कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलं. रिफाइंड तेलाचं ३२.५ टक्के होतं तिथंच राहिलं. या दोहोंतलं अंतर वाढवा, ही रिफायनरीवाल्यांची मागणी होतीच. त्यांचे कारखाने चालायला हवेत, हे मलाही पटतं. पण बाहेरचं कच्चं तेल स्वस्त झालं की आमच्या बियाला कोण जास्त देणार?

कारखानदारानं सरकारपुढं गाऱ्हाणं मांडू नये असं माझं म्हणणं नाही. आपले हमाल-मापाडीही मांडतात, शेतकरी रस्त्यावर बसून मांडतो. फरक एवढाच, की रास्ता रोको साऱ्या गावाला दिसतो. कंपनी सहसा एकटी जात नाही, संघटनेला पुढं करते. अर्थसंकल्पाआधी निवेदन जातं, मंत्रालयात बैठक होते. कोण कुणाला कशासाठी भेटलं, याची नोंद ठेवायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना एक तक्ता भरायला लावलाय. कुठल्या उद्योगसंघटनांचे सभासद आहात, हे त्यात सांगावं लागतं. आमच्याकडच्या डाळमिली कुठल्या शेअर बाजारात आल्यात!

कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यायच्या देणगीचे नियम मात्र आहेत. कंपनी तीन वर्षं जुनी हवी, सरकारी नको, संचालक मंडळाचा ठराव हवा, रोख चालत नाही. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७ मध्ये काढली आणि पुढच्या वर्षी निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं मर्यादा काढणं आणि रोखे, दोन्ही रद्द ठरवलं. कंपन्यांच्या पैशाची धास्ती जुनीच. टाटांच्या पोलाद कंपनीनं पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपली नियमावली बदलायला घेतली, तेव्हा १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, पण यातून लोकशाहीला धोका आहे असं बजावूनच.

अशा देणग्यांचा एक धागा लातुरातही येतो. इथला टीना ऑइल्सचा सोया कारखाना अमेरिकेच्या आर्चर डॅनियल्स मिडलँडनं घेतला. या कंपनीचे जुने अध्यक्ष ड्वेन अँड्रियस दोन्ही पक्षांना सढळ हातानं देत. १९७२ मध्ये निक्सनच्या प्रचाराला त्यांनी दिलेले २५ हजार डॉलर वॉटरगेटच्या एका घरफोड्याच्या बँक खात्यात सापडले. आज तिकडे लॉबिंगवर किती खर्च केला आणि कुठल्या विषयावर, हे दर तिमाहीला सरकारदरबारी नोंदवावं लागतं. ते कुणालाही वाचता येतं, लातुरात बसूनसुद्धा. दिल्लीत कुणी काय मागितलं, ते मात्र आम्हाला अधिसूचना निघाल्यावर भावावरूनच ओळखावं लागतं.