सीमाभागातील घर आणि परदेशी स्वयंसेवक

गोमंतकीयांना परदेशी माणूस नवा नाही. मात्र आपल्या परिचयाचा परदेशी बहुधा हॉटेलात उतरणारा आणि हंगाम सरताच परतणारा असतो. चोर्ला घाट चढून बेळगाव ओलांडले आणि निपाणीच्या वाटेला लागले की हा परिचय उपयोगी पडत नाही. तिकडच्या एखाद्या खेड्यात परदेशी तरुणी शाळेच्या किंवा आरोग्याच्या कामासाठी आली, तर तिला राहावे लागते ते कुणाच्या तरी घरात. तिथे दाराला आतून कडी लावून बसण्याची सोय क्वचितच असते.

ही प्रथा जुनी आहे. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सरकारी संस्थेचे हजारो स्वयंसेवक 1961 ते 1976 या काळात भारतात शेती, कुक्कुटपालन आणि आरोग्याची कामे करून गेले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 1966 मध्ये, याच संस्थेतर्फे मराठीचे धडे घेऊन आल्या आणि मुंबईत विक्रोळीच्या दवाखान्यात राबल्या. आज नियम अधिक काटेकोर आहेत. पर्यटक व्हिसावर विनामोबदला सेवा करता येते ती फार तर महिनाभर. शिवाय परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद चोवीस तासांच्या आत करण्याची जबाबदारी यजमानाची असते; ती हॉटेलांपुरतीच आहे, हा समज चुकीचा आहे.

खरी परीक्षा भाषेची. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे बसवरची पाटी आणि सरकारी कागद कन्नडमध्ये, तर अनेक घरांतील बोलणे मराठीत. राज्याचे नाव पाहून कन्नड शिकून आलेल्या पाहुणीची मराठी घरात पंचाईत होते. पुस्तकी मराठी शिकून आलेलीही सुटत नाही. ‘मी येते’ हे रूप तिने घोकलेले असते आणि घरची बाई सहज म्हणते, ‘मी येतो.’ कोल्हापूरपासून या पट्ट्यापर्यंत स्त्रियांच्या तोंडी हे रूप सर्रास आहे. पाहुणीने ते सुधारायला जाऊ नये, तसेच ऐकावे. (प्रमाण मराठीचे आपले पुणेरी प्रेमही तिच्यावर लादण्याचे कारण नाही.) अण्णा, अक्का ही हाक मात्र दोन्ही भाषांत चालते. कन्नडमधील ‘तुप्प’ म्हणजे आपले तूपच, हे कळले की ताटावरचा संकोच थोडा ओसरतो.

ताट हा विषय दिसतो त्याहून गंभीर आहे. अतिथीचा मान म्हणून तिला पहिली पंगत, तव्यावरची गरम भाकरी, आंघोळीचे तापवलेले पाणी दिले जाते. हे सारे करणारे हात बहुधा एकाच बाईचे असतात, आणि निपाणी परिसरात ती बाई पुष्कळदा विडी कामगार असते. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची आणि दोऱ्याने बांधायची. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. तासभर पाहुणचारात गेला की तेवढ्या विड्या कमी भरतात. शाळेत दोन तास इंग्रजी शिकवून समाधानाने परतणाऱ्या स्वयंसेविकेला हा हिशेब कुणी सांगत नाही. सांगणे यजमानाला अपमानास्पद वाटते.

म्हणून पहिल्या आठवड्यातच घागर उचलावी, ताट घासावे, केर काढावा. आरंभी विरोध होईल, शेजारणी हसतील. विडी वळण्याचा हट्ट मात्र धरू नये: वेडीवाकडी विडी मोजणीत बाजूला पडते आणि पान-तंबाखूचे नुकसान त्याच बाईच्या माथी येते. बाहेरगावच्या माणसाची मदत नेमकी कुठे उपयोगाची, हे त्या बाईलाच विचारावे. एखादे वेळी उत्तर ‘पोरांचा अभ्यास घे’ एवढेच मिळेल.

मुक्कामाचे पैसे संस्था देणार असेल, तर ते घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती ठेवून व्यवहार संपवू नये. त्यातील ठरावीक हिस्सा तिच्या बुडालेल्या मजुरीपोटी तिच्याच हाती पडावा, हे पाहुणी घरात येण्यापूर्वीच, तिघांनी समोरासमोर बसून ठरवून घ्यावे.