गुडघे टेकल्यावर दिसणारं कास

सप्टेंबरात कासच्या पठारावर येणारी बहुतेक माणसं उभ्याउभ्याच फोटो काढतात. रंगांचे पट्टे त्यात सुरेख येतात, पण एकही फूल धड दिसत नाही. पठाराची खरी ओळख व्हायची तर जांभ्याच्या उघड्या कातळावर बसावं आणि मॅक्रो लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर आणावी. कातळावरच बसावं, फुलांवर नव्हे. फोटोच्या नादात कुणी ताटवे चिरडताना दिसलं की जीव तुटतो.

पहिला नंबर अर्थात सीतेच्या आसवांचा. नखाएवढं निळं-जांभळं फूल, नाजूक देठ, खाली पानं जवळपास नाहीतच. फोटोत हे फूल इतकं निरागस येतं की त्याचं पोट मांसाहारावर चालतं हे कुणाला पटत नाही. कातळावर मातीचा थर कसाबसा बोटभर, त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस पावसानं धुऊन नेलेलं. मग ही वनस्पती अन्न शोधते पाणथळ मातीतल्या सूक्ष्म जीवांत.

तिचे सापळे मातीखाली असतात. टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशा पोकळ पिशव्या, प्रत्येकीला आत उघडणारं दार. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहते, त्यामुळे आतला दाब उतरतो आणि भिंती आत ओढल्या जातात. दाराशी असलेल्या केसांना एखाद्या जीवाचा धक्का लागला की दार उघडतं, भिंती उसळून बाहेर येतात आणि पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो. दार पुन्हा बंद! शिकार आत ओढायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. कॅमेऱ्याचं शटर मी १/१००० वर ठेवलं, तरी ते मिटण्याआधी सापळ्याचं काम झालेलं असतं. डार्विननं १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला, पण त्यालाही वाटलं होतं की प्राणी स्वतःच दार ढकलून आत शिरतात.

फूल टिपताना हे सगळं माझ्या गुडघ्याखालच्या मातीत चाललेलं असतं आणि फोटोत त्यातलं काहीच येत नाही. तरी देवळात जे लाभतं ते मला इथे लाभतं. आपण पाहिलं नाही, वाखाणलं नाही, तरी हे जग आपलं काम चोख करत असतं, यावर माझा विश्वास बसला तो या कातळावर.

गवती दवबिंदूचं कीटकभक्षी रोप मात्र आपला सापळा लपवत नाही. त्याच्या दोऱ्यासारख्या पानांवर लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एक थेंब. सकाळचं दव उडून गेलं तरी भर दुपारी हे थेंब चमकत असतात. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटेल इतकं जवळ गेलं की एफ/८ ला जेमतेम मिलिमीटरभर पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे शेकडो थेंबांपैकी दोन-चारच हाती लागतात. पण त्या एका थेंबात डोकावून बघा. मागचं गुलाबी फूल त्यात उलटं उमटलेलं असतं, कारण थेंब हे स्वतःच एक बहिर्गोल भिंग आहे. माझ्या भिंगानं मी निसर्गाच्या भिंगातून पाहत असते! त्याच थेंबाला एखादं चिलट चिकटलं की आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर झुकतात आणि पाचक रस सुटू लागतो.

सर्वांत जास्त आनंद होतो तो सह्याद्रीच्या कड्याकपारीत कंदीलपुष्प सापडल्यावर, कारण हा सापळा जीव घेत नाही. वासाला भुलून चिमुकली माशी नळीतून आत उतरते. नळीतले केस खाली झुकलेले असल्यामुळे तिला परत वर येता येत नाही. तळाचा फुगीर भाग अर्धपारदर्शक असतो. माशी उजेडाकडे जाते आणि नेमकी परागांपाशी पोचते. उन्हाकडे तोंड करून फोटो काढला तर फुलाचा हा तळ आतून उजळलेला दिसतो, कधी आत माशीची सावलीही. काही काळानं केस कोमेजतात आणि वाट मोकळी होते. तोंडाला परागांचे पुंजके चिकटलेली माशी बाहेर पडते आणि पुन्हा तशाच वासाला भुलून दुसऱ्या कंदिलात शिरते. परागीभवन होतं ते तिथे.