कार्ड उडालंय की रुसलंय?

मित्राने लॅपटॉप आणला तो निदानासकटच. ‘वायफायचं कार्ड उडालंय, नवं टाकायचं.’ मशीनवर डेबियन ११ हे लिनक्स होतं. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय हा हुकूम दिला, तर कार्डाचं नाव यादीत ठसठशीत हजर. पुढे डीमेसेजने दाखवलेल्या सिस्टिमच्या नोंदींत खरी गोम सापडली: फर्मवेअरची फाइल मिळाली नव्हती. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. अनेक कार्डांत तो कायमचा नसतो, चालू होताना संगणकाने भरवावा लागतो. अशा बहुतेक फाइलींचा मूळ कोड खुला नसतो, म्हणून डेबियन आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्या देत नसे. हे धोरण २०२३ च्या डेबियन १२ पासून बदललं.

शेजारच्या पार्टिशनवर फेडोरा हे दुसरं लिनक्स टाकलं. त्यात ती फाइल होती. वायफाय लागलं.

हार्डवेअर तपासायला एकाच मशीनवर तीन-चार डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार प्रणाली, ठेवतात ते यासाठी. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सगळीकडे लिनक्सचाच, पण आवृत्ती वेगळी: डेबियन १२ मध्ये ६.१, उबुंटू २४.०४ मध्ये ६.८. नव्या कर्नलवर चालतं आणि जुन्यावर अडतं, तर संशय कार्डावरून उठून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर जातो. सगळीकडेच अडलं, तर मात्र स्क्रूड्रायव्हर काढावा. व्हर्च्युअल मशीनचा इथे फारसा उपयोग नाही. आतल्या लिनक्सला सहसा लुटुपुटीचं नेटवर्क कार्ड दिसतं, खरं बाहेरच राहतं.

जागेची अडचण आता उरलेली नाही. डिस्कची वाटणी करायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्राथमिक पार्टिशन होत, नव्या जीपीटीमध्ये सहसा १२८ होतात. प्रत्येक डिस्ट्रोला २५-३० जीबी पुरतात आणि कोणती सुरू करायची ते मशीन चालू होताना ग्रब हा बूटलोडर विचारतो. पथ्य एक: एका डिस्ट्रोला हायबरनेट करून दुसरीत शिरू नये. पहिलीचं अर्धं काम डिस्कवर गोठलेलं असताना दुसरीने तीच पार्टिशन उघडून त्यावर लिहिलं, की फाइलींचा चुराडा.

आणि एक चकवा, ज्यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली. ब्लूटूथ एका डिस्ट्रोत चाले, दुसरीत कधी चाले, कधी नाही. नुसतं रीस्टार्ट केलं तर चिपची वीज जातेच असं नाही. काही चिपांत आधीच्या डिस्ट्रोने भरवलेलं फर्मवेअर तसंच राहतं आणि पुढची डिस्ट्रो फुकटात पास होते. तेव्हापासून डिस्ट्रो बदलताना मी मशीन पूर्ण बंद करतो, चार्जर काढतो आणि चहा टाकतो. चहा उकळला की मग बटण दाबायचं.