कर सरकारचा, फी कुरिअरची

टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनमधल्या मराठी घरांत अमेरिकेतून ऑनलाइन मागवलेलं पार्सल दाराशी येतं आणि कुरिअरवाला वर आणखी पैसे मागतो. ‘कस्टम्सचे असतील’ म्हणत लोक ते देऊन मोकळे होतात. हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. त्या बिलात दोन वेगळ्या रकमा असतात. सीमाशुल्क आणि विक्रीकर सरकारचे. ते चुकत नाहीत, चुकवूही नयेत. ब्रोकरेज मात्र कुरिअर कंपनीची फी आहे. तुमच्या वतीने कागदपत्रं केली, कर आगाऊ भरला, त्याचे ते पैसे, आणि त्या फीवरही पुन्हा कर लागतो. स्वस्तातल्या वस्तूवर ही फी मूळ करापेक्षा जास्त निघू शकते.

ही फी द्यावीच लागते, असंही नाही. कॅनडाच्या सीमाशुल्क खात्याकडे, म्हणजे सीबीएसएकडे, आपला कर आपण स्वतः भरू शकतो. त्यासाठी पार्सल ताब्यात घेऊ नका, सहीही करू नका. कर स्वतः भरणार असल्याचं कुरिअरला सांगा. त्यांच्याकडून पार्सलचे तपशील घ्या, खरेदीचं बिल आणि ओळखपत्र सोबत ठेवा आणि सीबीएसएच्या कार्यालयात जाऊन कर भरा. तिथली पावती दाखवली की कुरिअर पार्सल देतं. हा आपला हक्क आहे, फोनवर कोणी कां-कूं केली तरी सोडू नका. कार्यालय लांब असेल तर पेट्रोल आणि अर्धा दिवस यांचा हिशेब मात्र आधी करा. सही करून पार्सल घरात घेतल्यावर हा मार्ग जवळजवळ बंदच होतो.

‘वीस डॉलरच्या वर सगळ्यालाच कर’ हे अर्धसत्य आहे. 1 जुलै 2020 पासून, अमेरिका-मेक्सिकोबरोबरच्या नव्या व्यापार करारानुसार, त्या दोन देशांतून कुरिअरने आलेल्या 40 कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या मालावर कर नाही आणि 150 पर्यंत सीमाशुल्क नाही. टपालाने आलेल्या किंवा इतर देशांतून आलेल्या मालाला मर्यादा 20 डॉलरचीच.

म्हणून ‘टपाल नेहमीच स्वस्त’ हेही डोळे झाकून मानू नये. कॅनडा पोस्टची हाताळणी फी 9.95 डॉलर आहे आणि तीही कर लागला तरच. पण चीनमध्ये शिवलेलं 100 डॉलरचं जॅकेट अमेरिकेतून टपालाने आलं, तर ओंटारियोत 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, आणि वर कपड्यांवरचं सीमाशुल्क, दोन्ही लागतं. तेच कुरिअरने आलं तर सीमाशुल्क माफ, पण ब्रोकरेज आलं. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: माल कशाने पाठवणार, आणि ब्रोकरेज शिपिंगमध्येच धरलंय का? महागड्या एक्सप्रेस सेवेत ते बऱ्याचदा धरलेलं असतं, स्वस्त ग्राउंड सेवेत नसतं. ‘फ्री शिपिंग’ या शब्दांत कस्टम्सबद्दल काहीच आश्वासन नसतं.

विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगणं हा मार्ग नव्हे; ती खोटी घोषणा ठरते. खरी भेट म्हणजे परदेशातल्या माणसाने इथल्या माणसाला स्वतः पाठवलेली वस्तू. तिला 60 डॉलरपर्यंत माफी आहे आणि किंमत त्याहून जास्त असली तर कर फक्त वरच्या रकमेवर. पुण्याहून मावशीने 55 डॉलरची साडी पाठवली तर सोबत भेटीची चिठ्ठी हवी. दारू-तंबाखूला ही माफी नाही.

उलट दिशेला मात्र असं काही गृहीत धरू नका. भेटवस्तूंना असलेली सवलत भारताने डिसेंबर 2019 मध्ये काढून घेतली. आज इथून नाशिकच्या भाच्याला पाठवलेल्या खेळण्यावर शुल्क लागलं, तर ते सहसा त्याच्या घरच्यांकडे मागितलं जातं, तेव्हा पाठवण्याआधी त्यांना कल्पना द्या. अपवाद जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा, पण राखीबरोबरच्या भेटीचा नाही.