तगर नगरीचा शिलकी माल

बार्शीहून तेरला जाताना पूर्वी एक सरहद्द ओलांडावी लागत असे, हे आता पुष्कळांच्या स्मरणातही नसेल. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, तर तेर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेरणाकाठच्या या गावी, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. हैदराबादच्या स्नेह्यांसमवेत ते पाहण्याचा योग आम्हांस आला.

तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तान्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे फार मोठे नगर असल्याचे नमूद आहे. येथील जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरी जात असे. गाडीभाडे, वाटेतील जोखीम, माल पडून राहिल्यास येणारी तूट यांचा मेळ त्या व्यापाऱ्यांनी कसा घातला असेल, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या मनात उठल्यावाचून राहत नाही.

कपाटांतून मणी आहेत, पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत. समुद्र कोठे आणि तेर कोठे! रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेली मातीची पदकेही येथे सापडली. परदेशी वस्तूची नक्कल बाजारात खपते, हे तेव्हाही कळत होते म्हणावयाचे. परंतु पाय खिळतात ते हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. उंची वीतभरही नाही. हिच्याच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे निघाली; ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तीही भोकरदन-तेरच्या बाजूचीच असावी, असा काही विद्वानांचा तर्क आहे.

हे धन राखले ते गावातल्याच एका गृहस्थांनी. पांढरीच्या टेकाडांवर जे इतरांना खापर वाटले, ते लामतुरे यांनी वर्षानुवर्षे वेचून हजारोंच्या संख्येने जमविले. आमच्या पेढ्यांच्या माळ्यांवर आजोबा-पणजोबांच्या रोजकीर्दी, खतावण्या व सिकारलेल्या हुंड्या धूळ खात पडल्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्या वजनावर रद्दीत जातात. या वर्षी तरी त्या विकण्यापूर्वी सभासदांनी एकवार उघडून पाहाव्यात.

तेरला जाणाऱ्यांनी धाराशिवजवळील जैन लेण्यांसाठी अर्धा दिवस निराळा ठेवावा. ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापुराजवळच्या ज्या लेण्यांची कथा येते, ती हीच मानली जातात.