पडद्यावरची हजेरी

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. पुस्तक घरी वाचावे, शंका अभ्यासकेंद्रावर विचाराव्या, ही त्याची रीत. आमच्या वाटूरच्या मुलाला मजुरी सांभाळून पदवी घेता येते ती यामुळे. २०२० साली कोरोनात वर्ग बंद पडले, तेव्हा इतर विद्यापीठेही पडद्यावरून शिकवू लागली.

परंतु हजेरी लागली म्हणजे मन हजर झाले, असे नव्हे. प्रकल्प पाचांचा; लिहितो एक, सह्या चौघांच्या. आमच्या युनियनमध्येही पावतीपुरते सभासद असतातच! आम्ही सुचवितो ते असे : वाचन घरी व्हावे, केंद्रावर जमल्यावर कोणी बोलायचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे, आणि त्याच्या उत्तरावर पाचांचेही गुण. मग ज्याच्यापाशी फोन नाही, त्यालाही आधी शिकविणे बाकीच्यांना भाग पडते.